युटोपियाची राज्यघटना

पृथ्वीच्या नकाशावर जें राज्य कधीं नव्हतें, त्याच्या राज्यकारभाराची माहिती करून घेण्यांत लाभ कोणता, असा प्रश्न श्रोत्यांपैकीं एखाद्याच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु कल्पित राज्याची घटना ही कित्येकदां खऱ्या राज्याच्या घटनेपेक्षां अधिक बोलकी असते. खऱ्या राज्यांत तडजोडी असतात, पूर्वींच्या राजांनीं मागें ठेवलेले गुंते असतात, तिजोरीची ओढाताण असते. कल्पित राज्य उभारणाऱ्यापुढें पाटी कोरी असते. तो जी व्यवस्था लावतो ती त्याला तशीच हवी म्हणून लावतो. आणि ज्या चोराचें त्याला सर्वांत अधिक भय वाटतें, त्याच्या वाटेवरच तो सर्वांत भक्कम कुलूप घालतो. सर थॉमस मोर याच्या 'युटोपिया' या ग्रंथांत असें एक कुलूप आहे. तें कोणतें, आणि तें घालणाऱ्याच्या आयुष्यांत पुढें काय घडलें, हें समजावयाचें तर त्या राज्याची रचना प्रथम नीट पाहिली पाहिजे.

ग्रंथ लॅटिन भाषेंत आहे. १५१६ सालीं तो लूवेन येथें छापला गेला, आणि त्या छपाईच्या कामीं इरॅस्मस या थोर पंडितानें पुढाकार घेतला होता. मोर हा लंडनचा कायदेपंडित, न्यायाधीशाचा मुलगा. १५१५ सालीं इंग्लंडच्या राजाच्या कामासाठीं तो फ्लँडर्स प्रांतांत गेला असतां त्या मुक्कामांत त्यानें ग्रंथाचा दुसरा भाग आधीं लिहिला. पहिला भाग लंडनला परतल्यावर मागाहून जोडला. दुसऱ्या भागांत राफाएल हिथ्लोडे नांवाचा एक दर्यावर्दी प्रवासी आपण पाहून आलेल्या बेटाची हकीकत सांगतो. ग्रीक जाणणाऱ्या वाचकास मोरनें नांवांतच गंमत ठेवली आहे. युटोपिया म्हणजे 'नाहीं तें ठिकाण'. राजधानी आमॉरोट म्हणजे 'अंधुक नगरी'. तिच्या जवळून वाहणारी नदी अनिड्रस म्हणजे 'निर्जला'. आणि खुद्द हिथ्लोडे या आडनांवाचा अर्थ 'वायफळ बडबडींत निपुण' असा होतो. एवढी थट्टा पदरीं असतांही पुढील वर्णन एखाद्या मामलेदारानें तालुक्याची पाहणी लिहावी तितक्या काटेकोरपणें केलेलें आहे.

बेटावर चोपन्न शहरें आहेत. सर्वांची भाषा, रीतिरिवाज व कायदे एक. भूमीनें जेथवर साथ दिली तेथवर बांधणीही एक. एक शहर पाहिलें कीं सारीं पाहिलीं, असें हिथ्लोडे सांगतो. प्रत्येक शहरांत सहा हजार कुटुंबें असावयाचीं, व कुटुंबांत वयांत आलेलीं माणसें दहाहून कमी व सोळाहून अधिक असावयाचीं नाहींत. कमीअधिक झालीं तर एका कुटुंबांतलीं माणसें दुसऱ्यांत घालावयाचीं. माणसांची अशी हलवाहलव करतांना त्यांच्या मनास काय वाटेल, याचा विचार ग्रंथांत कोठें दिसत नाहीं. हिशेब मात्र चोख आहे.

त्याच हिशेबावर राज्ययंत्र उभें आहे. दर तीस कुटुंबें मिळून वर्षास एक अधिकारी निवडतात. त्याला जुन्या भाषेंत सिफोग्रँट म्हणत. सहा हजारांस तीसांनीं भागलें म्हणजे एका शहरास दोनशें सिफोग्रँट होतात. दहा सिफोग्रँटांवर एक ट्रॅनिबोर. म्हणजे ट्रॅनिबोर वीस. या सर्वांवर नगराध्यक्ष एक. शहराचे चार भाग असून प्रत्येक भागांतील लोक एकेक नांव सुचवितात, आणि त्या चारांतून दोनशें सिफोग्रँट शपथ घेऊन गुप्त मतदानानें एकाची निवड करतात. ट्रॅनिबोरांची निवड दरवर्षीं होते, पण सबळ कारणावांचून त्यांस बदलीत नाहींत. इतर सर्व अधिकार एका वर्षापुरते. नगराध्यक्ष मात्र तहहयात. तो जुलमी सत्ता बळकावूं पाहतो असा संशय आला तरच त्यास दूर करावयाचें. या पदाचें नवें नांव मोरनें 'आडेमस' असें दिलें आहे, आणि त्याचा अर्थ 'ज्याला प्रजा नाहीं तो' असा होतो. लोकांनीं निवडलेल्या प्रमुखास असें नांव देण्यांत थट्टा किती आणि इशारा किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

साऱ्या बेटाचा म्हणून एक राजा नाहीं. युटोपस नांवाच्या विजेत्यानें हें राज्य स्थापलें, पंधरा मैलांची जमीन खणून त्याचें बेट केलें, असें कथेंत आहे. पण त्याच्या गादीवर पुढें कोणी बसल्याचें सांगितलेलें नाहीं. प्रत्येक शहरांतून तीन वयोवृद्ध व अनुभवी नागरिक दरसाल आमॉरोट येथें जमतात आणि बेटाच्या समाईक गोष्टींचा विचार करतात. चोपन्न त्रिक एकशें बासष्ट, एवढी ती मध्यवर्ती सभा. राजधानी आमॉरोट कां, तर ती बेटाच्या मध्यावर असल्यानें सर्वांस सारखीच जवळ पडते म्हणून. दुसरा मोठेपणा तिला नाहीं. कोणत्या भागांत कशाची विपुलता आहे व कोठें कशाची तूट आहे याचा अंदाज तेथें घेतला जातो, आणि ज्याच्याकडे अधिक असेल त्यानें तुटीच्या जागीं तें विनामूल्य पाठवावयाचें. पैसा नाहीं, खाजगी मालमत्ता नाहीं. म्हणून कर नाहींत आणि अंदाजपत्रकावरची भांडणेंही नाहींत. राज्यकारभारांतला अर्धा त्रास मोरनें असा मुळांतच उपटून टाकला आहे. इतर कल्पित राज्यांचे लेखकही बहुधा हेंच करतात, आणि म्हणूनच त्यांचे मंत्री इतके निवांत असतात.

खरें महत्त्व आहे तें नगरसभेच्या कामकाजाला. ट्रॅनिबोर दर तिसऱ्या दिवशीं, गरज पडल्यास अधिक वेळां, नगराध्यक्षाबरोबर विचारविनिमयास बसतात. राज्याच्या कामांबरोबर नागरिकांतील तंटे असले तर तेही तेथेंच मिटतात. सभेंत दोन सिफोग्रँट हजर असलेच पाहिजेत, आणि तेही दररोज निराळे. म्हणजे वरच्या एकवीस माणसांच्या खलबतांत लोकांचे दोन डोळे सदैव असावयाचे, आणि ते डोळे ओळखीचे होऊन मिंधे होऊं नयेत म्हणून रोज बदलावयाचे. ही युक्ति फार मार्मिक आहे. एकच देखरेख करणारा वर्षभर बसला तर त्याला खुर्ची देतां येते, पान-सुपारी देतां येते, हळूहळू आपलासा करतां येतो. रोज नवा येणारा माणूस आपलासा करण्यास वेळच मिळत नाहीं.

पुढचे दोन नियम तर आजच्या कोणत्याही विधिमंडळानें भिंतीवर लावण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, सार्वजनिक हिताचा कोणताही ठराव सभेंत तीन निरनिराळ्या दिवशीं चर्चा झाल्यावांचून पक्का करावयाचा नाहीं. पार्लमेंटांत विधेयकाचीं तीन वाचनें होतात, तोच हेतु येथें आहे. दुसरा नियम याहून सूक्ष्म. जो प्रश्न ज्या दिवशीं सभेपुढें प्रथम येईल त्या दिवशीं त्यावर वाद करावयाचाच नाहीं. तो पुढच्या बैठकीस ठेवावयाचा. कारण असें दिलें आहे कीं, जिभेवर जें पहिलें आलें तें बोलून गेलेला माणूस पुढें राज्याच्या हिताचें काय हें पाहण्याऐवजीं आपलें बोलणें कसें राखतां येईल हेंच पाहत बसतो. आपण पहिल्यानें नीट विचार केला नव्हता हें कबूल करण्याची त्याला लाज वाटते, आणि त्या लाजेपायीं तो राज्याचें नुकसान पत्करतो. ज्या कोणीं नगरपालिकेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या बैठकी पाहिल्या असतील, त्यास हें वाक्य अनुभवाचें आहे हें सांगावयास नको. मोर हा वकिली केलेला, न्यायासनावर बसलेला, पार्लमेंट पाहिलेला मनुष्य होता; मनुष्यस्वभावाचें हें ज्ञान त्यानें बेटावर जाऊन मिळविलेलें नाहीं.

फार महत्त्वाचा प्रश्न असेल तर तो दोनशें सिफोग्रँटांच्या सभेपुढें ठेवतात. ते तो आपापल्या तीस कुटुंबांस समजावून सांगतात, मग आपसांत विचार करतात आणि आपलें मत नगरसभेस कळवितात. कधींकधीं तोच प्रश्न सर्व बेटाच्या सभेपर्यंत जातो. प्रश्न खालीं जावयाचा आणि मत वर यावयाचें, असा हा मार्ग आहे. शिवाय सिफोग्रँट हा मतदारांपासून दूर राहणारा प्रतिनिधि नव्हे. प्रत्येक सिफोग्रँटाचें एक मोठें भोजनगृह असतें आणि त्याची तीस कुटुंबें तेथेंच जेवतात. ज्याला निवडून दिलें त्याचें तोंड दिवसांतून दोनदां पाहावयाचें, आणि ज्यांनीं निवडून दिलें त्यांच्यापुढें त्यानें रोज दोनदां पानावर बसावयाचें. निवडणुकीनंतर पांच वर्षें दर्शन न देणाऱ्या प्रतिनिधींची ज्यांस संवय झाली आहे त्यांस ही सोय हेवा वाटण्यासारखी वाटेल.

अधिकाराचा डामडौल जवळजवळ नाहीं. नगराध्यक्षाच्या अंगावर वेगळा पोषाख नाहीं, मस्तकीं मुकुट नाहीं. त्याच्यापुढें धान्याच्या कणसांची एक मूठ धरून चालतात, इतकीच त्याची खूण. मुख्य धर्माधिकाऱ्यापुढें मेणबत्ती असते. जो मनुष्य एखादें पद मिळविण्यासाठीं मतें मागत फिरेल त्याला कोणतेंच पद मिळण्याची आशा उरत नाहीं. सिफोग्रँटांस शरीरश्रमाची कायद्यानें माफी आहे, पण लोकांस उदाहरण घालून द्यावें म्हणून ते ती घेत नाहींत. धर्मोपदेशक प्रत्येक शहरांत तेरा, व तेही लोकांनीं गुप्त मतदानानें निवडलेले. ते लोकांच्या नीतीवर नजर ठेवतात, पण शासन करण्याचा अधिकार त्यांच्या हातीं नसून नगराध्यक्षाच्या व अधिकाऱ्यांच्या हातीं आहे. ट्रॅनिबोर, धर्मोपदेशक, परराष्ट्रांत जाणारे प्रतिनिधि आणि स्वतः नगराध्यक्ष हे सारे विद्याभ्यासासाठीं श्रमांतून मोकळ्या केलेल्या लोकांतूनच घेतले जातात. जो अभ्यासांत आळस करील त्यास पुन्हां कामावर धाडतात, आणि जो कारागीर फावल्या वेळांत विद्या संपादील त्याला वर घेतात. विद्वानांचें राज्य असावें ही प्लेटोची जुनी इच्छा येथें आहे, पण तिला वर्षाच्या वर्षास होणाऱ्या निवडणुकीचा लगाम आहे.

कायदे अगदीं थोडे. इतर देशांत कायद्यांचे व त्यांवरील टीकांचे इतके ग्रंथ कीं ते कोणास वाचून होत नाहींत आणि इतके गहन कीं कळत नाहींत. अशा कायद्यांनीं माणसांस बांधणें हा अन्याय होय, असें युटोपियन लोक मानतात. वकील तर त्यांनीं ठेवलेच नाहींत. प्रत्येकानें आपली बाजू आपणच न्यायाधीशासमोर मांडावी, म्हणजे बनावट बोलण्यास शिकविणारा मध्ये कोणी राहत नाहीं. लंडनमध्यें वकिलीवर चांगली प्राप्ति करणाऱ्या माणसानें हें लिहावें, यांत त्याची विनोदबुद्धि दिसते आणि त्याचा कंटाळाही दिसतो.

येथवर ही घटना ऐकणाऱ्यास प्रसन्न करील. पण तिची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. विधिमंडळ, कार्यकारी सत्ता आणि न्यायसत्ता यांच्या ज्या तीन शाखा आज शाळेंतील मुलांनाही ठाऊक असतात, त्या युटोपियांत वेगळ्या नाहींत. जी सभा नियम करते तीच कारभार पाहते, तीच तंटे तोडते, आणि बहुतेक गुन्ह्यांस शिक्षा ठरलेली नसल्यानें प्रत्येक प्रसंगीं शिक्षाही तीच ठरविते. या तीन सत्ता एका हातीं असल्या तर स्वातंत्र्य उरत नाहीं, हा विचार माँटेस्क्यू यानें १७४८ सालीं मांडला; मोर त्याच्या दोनशेंहून अधिक वर्षें आधींचा, म्हणून तेवढ्यासाठीं त्यास दोष देतां येत नाहीं. गुलामगिरीचें मात्र तसें नाहीं. मोठ्या गुन्ह्यांची सामान्य शिक्षा म्हणजे दास्य; जनावरें मारण्यासारखीं कामें दासांकडे; आणि त्यांनीं बंड केलें तर हिंस्र पशूंप्रमाणें त्यांस ठार करावयाचें. नागरिकास दुसऱ्या शहरीं जावयाचें तर नगराध्यक्षाचें पत्र हवें, आणि त्यांत परतण्याचा दिवस लिहिलेला असावयाचा. पत्रावांचून सीमेबाहेर सांपडला तर शिक्षा. पुन्हां सांपडला तर दास्य. मद्याचीं दुकानें नाहींत, गुत्ते नाहींत, लपूनछपून जमण्याची जागा नाहीं. प्रत्येकजण सर्वांच्या डोळ्यांसमोर. जें भोजनगृह प्रतिनिधीवर नजर ठेवतें, तेंच नागरिकावरही नजर ठेवतें, ही गोष्ट पहिल्या वाचनांत लक्षांत येत नाहीं.

आतां तें कुलूप. नगरसभा व लोकसभा यांच्याबाहेर राज्याच्या समाईक गोष्टींविषयीं मसलत करणें हा युटोपियांत देहान्त शिक्षेचा अपराध आहे. चोरीला देहान्त नाहीं. पहिल्या व्यभिचारालाही नाहीं, त्याला दास्य आहे. पण सभेबाहेरच्या राजकारणाला आहे. हेतु ग्रंथांत स्पष्ट सांगितला आहे: नगराध्यक्ष आणि ट्रॅनिबोर यांनीं आपसांत संगनमत करून लोकांवर जुलूम बसवूं नये व राज्याची घटना उलथूं नये म्हणून हा नियम. म्हणजे चोर वरच्या मजल्यावरचा आहे हें मोरनें अचूक ओळखलें होतें. मात्र कुलूप घातलें तें साऱ्या घराला. नियमाचे शब्द वरच्या एकवीस जणांपुरते नाहींत. ते प्रत्येकाला लागू आहेत. सिफोग्रँटानें प्रश्न पुढें ठेवला तर कुटुंबानें बोलावयाचें. त्यानें न ठेवलेल्या प्रश्नावर दोन शेजारी सायंकाळीं बागेंत बसून गंभीरपणें बोलले, तर ती गप्प झाली कीं मसलत झाली? कांहीं अभ्यासक म्हणतात कीं मूळ लॅटिन शब्दांचा रोख कटाकडे आहे, साध्या बोलण्याकडे नाहीं. तें ग्राह्य धरलें तरी बोलणें कोठें संपतें व कट कोठें सुरू होतो हें ठरविणार कोण? तीच सभा, जिच्याविषयीं तें बोलणें असेल. आणि तेथें बाजू मांडावयास वकीलही नाहीं. रामराज्य म्हटलें कीं राजाचे गुण डोळ्यांपुढें येतात. मोरनें गुणांवर भिस्त न ठेवतां नियमांवर ठेवली हें त्याचें शहाणपण. परंतु नियम राबविणारे शेवटीं नगराध्यक्ष व ट्रॅनिबोरच असल्यामुळें, ज्यांच्यासाठीं हें कुलूप होतें त्यांच्याच कंबरेला त्याची किल्ली राहिली.

ग्रंथाच्या पहिल्या भागांत दुसराच प्रश्न आहे: शहाण्या माणसानें राजाच्या चाकरीस जावें कीं नाहीं? हिथ्लोडे म्हणतो, जाऊं नये. राजाच्या मंत्रिमंडळांत कोणी ऐकत नाहीं, जो तो राजाला आवडेल तेंच बोलतो. ग्रंथांतला मोर त्यास उत्तर देतो कीं, वादळांत वारा आवरतां येत नाहीं म्हणून कोणी जहाज टाकून जात नाहीं. प्रत्यक्षांतला मोर त्यानंतर लवकरच आठव्या हेन्रीच्या चाकरींत शिरला आणि चढत गेला. १५२३ सालीं तो कॉमन्स सभेचा अध्यक्ष झाला. त्या वेळीं त्यानें राजाला एक विनंती केली: सभेंत बोलतांना कोणाच्या तोंडून कांहीं अधिकउणें गेलें तरी राजानें रोष धरूं नये आणि प्रत्येक सभासदास निर्भयपणें बोलूं द्यावें. सभासदांच्या भाषणस्वातंत्र्यासाठीं अध्यक्षानें केलेली, जिची माहिती उपलब्ध आहे अशी, ही पहिली विनंती समजली जाते. इंग्लंडांत १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें हें स्वातंत्र्य पक्कें झालें. भारताच्या राज्यघटनेच्या १०५ व्या अनुच्छेदांत संसदेच्या सभासदांस तें दिलेलें आहे. पण नीट पाहिलें तर १५२३ ची विनंती आणि युटोपियाचा नियम यांच्यामागें एकच दृष्टि दिसते. सभेच्या चार भिंतींत मोकळेपणानें बोला, असें दोन्ही सांगतात. भिंतींबाहेरच्या माणसाविषयीं विनंती गप्प आहे, आणि नियम कठोर. भारताच्या घटनेंत १०५ व्या अनुच्छेदाच्या पुष्कळ आधीं १९ वा अनुच्छेद आहे, आणि तो भिंतींबाहेरच्या नागरिकाला बोलण्याचा हक्क देतो.

१५२९ सालीं मोर इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. युटोपियांत राजा युटोपसानें ज्यानें त्यानें आपला धर्म पाळावा असा दंडक घातलेला. पण मोरच्या अधिकाराच्या काळांत पाखंडाच्या आरोपावरून कांहीं माणसें जिवंत जाळलीं गेलीं, आणि त्या शिक्षा त्याला मान्य होत्या. ही गोष्ट त्याच्या स्तुतिपाठकांनीं फार हळू आवाजांत सांगितली आहे. राजानें पोपाशीं संबंध तोडण्याचा मार्ग धरला तेव्हां, १५३२ सालीं, मोरनें पद सोडलें. १५३४ सालीं राजाच्या वारसासंबंधींच्या कायद्याची शपथ त्यानें नाकारली, आणि त्याची रवानगी लंडनच्या टॉवरमध्यें झाली. त्याच वर्षीं पार्लमेंटानें दोन कायदे केले. एकानें राजाला इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा सर्वश्रेष्ठ प्रमुख ठरविलें. दुसऱ्यानें राजाच्या किताबांपैकीं एखादा हिरावून घ्यावा अशी इच्छा नुसत्या शब्दांनीं प्रकट करणें हाही राजद्रोह ठरविला. त्या दुसऱ्या कायद्यांत 'दुष्ट बुद्धीनें' असा एक शब्द होता.

मोर बोललाच नाहीं. राजाच्या नव्या अधिकाराविषयीं कितीही विचारलें तरी त्यानें होय म्हटलें नाहीं कीं नाहीं म्हटलें नाहीं. कायदा शब्दांना शिक्षा देतो, मौनाला देत नाहीं, हें त्याच्याइतकें कोणाला ठाऊक असणार? १५३५ च्या जून महिन्यांत राजाचा एक कायदेअधिकारी, रिचर्ड रिच, मोरच्या कोठडींतलीं पुस्तकें जप्त करून नेण्यास आला. पुस्तकें बांधलीं जात असतां दोघांत बोलणें झालें: पार्लमेंटानें अमुक ठरविलें तर काय, तमुक ठरविलें तर काय, असें दोन कायदेपंडितांत चालतें तसें. राजाला धर्माचा प्रमुख करणें पार्लमेंटाच्या हातचें नाहीं, असें मोर त्या वेळीं म्हणाला, अशी साक्ष रिचनें १ जुलै रोजीं वेस्टमिन्स्टर येथें न्यायालयांत दिली. मोरनें ती साफ खोटी म्हणून नाकारली. जी गोष्ट आपण राजाला आणि त्याच्या मंत्रिमंडळाला सांगितली नाहीं ती या माणसाजवळ बोलूं काय, असा त्याचा सवाल होता. शिवाय तसें बोललों असें धरलें तरी खाजगी गप्पांतील शब्दांत दुष्ट बुद्धि कोठून आली, असेंही त्यानें विचारलें. कोठडींत पुस्तकें बांधणारे दोघे होते. आपलें लक्ष पुस्तकांकडे होतें, बोलण्याकडे नव्हतें, असें त्यांनीं सांगितलें. पंचांनीं थोड्याच वेळांत दोषी ठरविलें. आणि हा सारा खटला मोरनें आपल्या युटोपियन नागरिकाप्रमाणें वकिलावांचून, स्वतःच चालविला. राजद्रोहाच्या खटल्यांत आरोपीला वकील देण्याची पद्धत इंग्लंडांत तेव्हां नव्हती. ६ जुलै १५३५ रोजीं टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला.

सभेबाहेर, चार भिंतींआड, राज्याच्या प्रश्नावर झालेलें एक संभाषण, आणि त्याला देहान्त शिक्षा. एकोणीस वर्षांपूर्वीं कल्पित बेटावर लिहिलेल्या नियमाचें उदाहरण द्यावयाचें तर याहून नेमकें सांपडणें कठीण. फरक इतकाच कीं, बेटावर तो नियम सत्ताधाऱ्यांच्या कटाविरुद्ध होता, आणि इंग्लंडांत तो सत्ताधाऱ्यांच्या हातीं होता. मोरला टॉवरमध्यें आपल्या ग्रंथांतील तें वाक्य कधीं आठवलें कीं नाहीं, तो शोध व्यर्थ आहे. मुलीला त्यानें तेथून लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत, आणि त्यांत विषय वेगळे आहेत. कॅथलिक धर्मसंस्थेनें १९३५ सालीं त्याला संतपद दिलें, तें त्याच्या मरणासाठीं; ग्रंथासाठीं नव्हे.

ग्रंथाचें पुढें काय झालें हेंही ऐकण्यासारखें आहे. लूवेननंतर तो पॅरिसला छापला गेला, १५१८ सालीं बाझल येथें दोनदां छापला गेला. इंग्लंडांत मात्र मोरच्या हयातींत त्याची एकही आवृत्ति निघाली नाहीं. पहिलें इंग्रजी भाषांतर राल्फ रॉबिन्सन यानें १५५१ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हां राज्यावर हेन्रीचा प्रॉटेस्टंट मुलगा सहावा एडवर्ड होता, म्हणून रॉबिन्सननें सरकारचा एक मोठा अधिकारी विल्यम सेसिल यास लिहिलेल्या अर्पणपत्रिकेंत, एवढ्या बुद्धिमान ग्रंथकारानें हट्टानें खऱ्या धर्माकडे डोळेझांक केली याबद्दल खेद प्रकट केला. पांच वर्षांनीं, १५५६ सालीं, दुसरी आवृत्ति निघाली. तोंवर गादीवर कॅथलिक मेरी राणी आली होती. त्या आवृत्तींत ती अर्पणपत्रिका नाहीं.